घरात निमखाऱ्या पाण्याची प्लांटेड टाकी: प्लॅनिंगपासून पहिल्या माशापर्यंत सगळं

मोली मासा आणलेल्यांची एक तक्रार कोल्हापुरात ठरलेली. दुकानात मस्त पळत होती, घरी आणली आणि चार दिवसांत एका जागी उभी राहून डुलायला लागली, पंख मिटले, मग गेली. औषध घालून झालं, पाणी बदलून झालं, तरी तेच. बऱ्याचदा आजारबिजार काही नसतो, तिला पाणी मऊ पडलेलं असतंय. घाटातनं येणारं नदीचं पाणी तसं मऊच, आणि मोलीला लागतंय जड, क्षारांचं पाणी, त्यात थोडं समुद्री मीठ असेल तर सोन्याहून पिवळं. तिथनंच बरेच जण निमखाऱ्या टाकीकडं वळतात आणि मग लगेच विचारतात, खारट पाण्यात झाडं जगतील का हो? जगतात. सगळी नाही, पण जी जगतात ती चांगली दाट होतात. फक्त क्रम पाळायला लागतोय: आधी पाणी किती खारट ते ठरवायचं, मग त्यात बसणारी झाडं, आणि मासे सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, आधी मासा आवडतो आणि मग त्याच्या मागं झाडांचा बळी जातो.

किती खारट?

निमखारं म्हणजे खाडीचं पाणी, ना गोडं ना समुद्राचं. मोजायचं माप म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत आपलं पाणी वजनाला किती भारी, सगळे नुसतं एसजी म्हणतात. गोड्या पाण्याचा एसजी १.०००, समुद्राचा १.०२५ च्या आसपास, आणि मधला मोठा पट्टा निमखारा. झाडं ठेवायची असतील तर या पट्ट्यातला अगदी खालचा भागच आपला, १.००२ ते १.००५. माझं मत विचाराल तर पहिल्या टाकीला १.००३ धरा आणि तिथंच थांबा. १.००५ च्या वर गेलात की झाडांची यादी भराभर आखडते, आणि १.०१० च्या पुढं खारफुटीची रोपं आणि शेवाळ सोडलं तर हातात फारसं काही उरत नाही.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, समुद्री पाण्याचा, ज्यावर एसजी आणि पीपीटी (हजार भागांत किती भाग मीठ) दोन्ही लिहिलेलं असतंय. प्लास्टिकच्या डबीत काटा हलणारा हायड्रोमीटर स्वस्त असतोय पण काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो, आणि आपल्याला १.००२ आणि १.००४ मधला फरक बघायचाय, तिथं तो कमी पडतो. आता कोल्हापूरची खास सूचना: आपल्याकडं साखर कारखाने आणि गुऱ्हाळं म्हणून ऊस मोजायचा ब्रिक्सवाला रिफ्रॅक्टोमीटर कुणाकडनं तरी सहज मिळतो, दिसायला डिट्टो तसाच. तो साखरेसाठी आहे, मिठाला चालत नाही. आणलेला रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून घ्यायचा, वर छोटा स्क्रू असतोय तो फिरवून, आणि हे महिन्याला एकदा करायचंच.

टाकी आणि स्टँड

छोटी टाकी सोपी वाटते पण उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी उडालं की खारटपणा लगेच वर चढतो. म्हणून तीन फुटी बघा: ३६ लांब, १५ रुंद, १८ उंच, सगळं इंचात, ८ एमएम काच. हिशेबाला १५० लिटरच्या वर येते पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १२० लिटरच्या आसपास भरतंय. हा १२० चा आकडा लिहून ठेवा, मिठाचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे. नक्की आकडा हवा असेल तर पहिल्यांदा भरताना बादल्या मोजा.

वजन पाणी, काच, वाळू, दगड धरून दोनशे किलोच्या घरात जातं. जुन्या घरातला लाकडी माळा असेल तर तिथं नको, तळमजला नाहीतर स्लॅबवर भिंतीला लागून. स्टँडसाठी आपण नशीबवान, उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलं की दीड इंची चौकोनी पाइपचा स्टँड वेल्डिंग करून देतो. त्याला दोन गोष्टी ठणकावून सांगा. एक, चारी पाय लेव्हलला पाहिजेत आणि खाली फिरवून अ‍ॅडजस्ट होणारे बूट पाहिजेत. दोन, पावडर कोटिंग, आणि तेही वेल्डिंगचे जोड नीट घासून, कारण मिठाचं पाणी गंज धरायला जोडाचीच जागा शोधतंय. वर प्लाय, प्लायवर फोमची शीट, मग टाकी.

लाइट आणि फिल्टरच्या वायरी सॉकेटच्या खालपर्यंत लोंबू द्या आणि मग वर सॉकेटला न्या, म्हणजे वायरीवरनं ओघळणारं पाणी खालीच टपकतंय. घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्तानं बसवून घ्या, खारं पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं.

फिल्टर थोडा मोठाच घ्या, तासाला टाकीच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा. कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर उत्तम, नाहीतर हँग ऑन (काचेला बाहेरनं टांगायचा) आणि जोडीला एक स्पंज फिल्टर. कारण निमखाऱ्या पाण्याचा पीएच ७.५ ते ८.२ असा वरचा असतो आणि वरच्या पीएचला तेवढाच अमोनिया माशाला जास्त विषारी पडतो. गोड्या टाकीत खपून जाणारी ढिलाई इथं खपत नाही.

तळ: वाळू, शिंपला, जांभा

साधी बारीक, धुतलेली सिलिका वाळू बेस्ट, वॉटर फिल्टरवाल्यांकडं मिळते. फाउंड्रीची वाळू आपल्याकडं ढिगानं आहे पण एकदा वापरलेली असेल तर हातसुद्धा लावू नका, तिच्यात बाइंडर आणि काय काय असतंय. बांधकामाची क्रश सँड धूळ सोडत राहते, ती पण नको. पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, दहा-बारा बादल्या जातील, कंटाळा करू नका. थर पुढं दीड इंच, मागं तीन.

पाण्याला जडपणा टिकवायला शिंपल्याचा चुरा वापरा. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात कोरलच्या चुऱ्याला जो भाव सांगतात तो ऐकायच्या आधी पोल्ट्री फीडच्या दुकानात जाऊन या, कोंबड्यांना कॅल्शियमसाठी घालतात तो शिंपला किलोवर मिळतोय. नीट धुवून, वाटीभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायचा. खडा चुनखडीचा आहे का बघायला त्याच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर टाकतात, फेस आला तर गोड्या प्लांटेड टाकीवाले तो फेकून देतात. आपण तोच उचलायचा.

आता जांभा. लोहाचं प्रमाण जास्त असलेला हा दगड प्लांटेड टाकीत तळाला घालायची पद्धत परदेशात जुनी आहे, आणि आपल्याकडं पन्हाळ्यापासनं खाली कोकणापर्यंत पसरलाय. पन्हाळ्यावरनं उचलून आणू नका, चिऱ्याचं बांधकाम जिथं चालू असेल तिथं तुकडे पडलेले असतात. हातोडीनं हरभऱ्याएवढे खडे करायचे, पूड चाळून टाकायची, नाहीतर पाणी आठवडाभर गाळ उसवल्यासारखं लाल राहतं. एक-दोन ओंजळी, अगदी तळाला, मुळांच्या झाडांच्या खालीच, वर वाळू. एवढं पुरे.

दगड काळा बेसॉल्ट चालतो, त्याच्यानं पाण्याला काही होत नाही. लाकूड ठेवायचं असेल तर दोन-तीन आठवडे भिजवून, पाणी बदलत बदलत.

मीठ

इथं कंजुषी नको. मरीन सॉल्ट मिक्सच पाहिजे, ज्यानं समुद्री टाक्या बनवतात ते. घरातल्या मिठातल्या आयोडीननं मासे मरतात असं जे सांगतात त्यात दम नाही, खरी अडचण ही की ते निव्वळ सोडियम क्लोराइड असतंय. पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याच्यात नसतात आणि झाडांना, गोगलगायींना, मोलीला नेमकं तेच पाहिजे असतंय. खडेमीठ, सैंधव, सगळ्यांची तीच कथा.

हिशेब सोपा: लिटरला दीड ग्रॅम मीठ म्हणजे एसजी साधारण .००१ नं वर. १.००३ पाहिजे तर लिटरला साडेचार ग्रॅम, १२० लिटरला ५४० ग्रॅम. किचनमधला डिजिटल काटा पुरतो. मात्र पावसाळ्यात आपल्या हवेत पुडा उघडा राहिला तर मीठ ओल धरतं, गठ्ठे होतात आणि मग काट्यावर तुम्ही मिठाबरोबर पाणीही मोजत असता. आणल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा. आणि काट्यावर कितीही विश्वास असला तरी शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायचं, डीक्लोरिनेटरचे थेंब किंवा बादलीत एअर स्टोन (एअर पंपाला जोडायचा बुडबुड्यांचा दगड) सोडून एक दिवस. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी टेस्ट किटनं जडपणा आणि नायट्रेट बघून घ्या, उसाच्या पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात खताचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं. कोरडं मीठ थेट टाकीत कधीही ओतायचं नाही, पानावर पडलं तर तिथं भाजल्यासारखा डाग पडतो.

झाडं कोणती

सगळ्यात भरवशाचं जावा फर्न. १.००५ पर्यंत बिनतक्रार, लाइट कमी असला तरी चालतं, आणि त्याचा कंद वाळूत गाडायचा नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचा. गाडला की सडतो, आणि दुकानातला पोरगा कितीही सांगू दे की खोचा खाली, खोचू नका. अनुबियास पण तसंच बांधायचं, पण ते १.००३ च्या आसपासच खूश राहतं आणि मुंगीच्या गतीनं वाढतं. जावा मॉस कुठंही गुंडाळा.

मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया, लांब फितीसारखी पानं. मीठ वाढवताना पहिल्यांदा हीच रडते, जुनी पानं पारदर्शक होऊन वितळतात आणि लोकांना वाटतं मेली. उपटू नका, मुळं पांढरी आणि टणक असतील तर नवी पानं येतात आणि ती त्याच पाण्यात तयार झाल्यामुळं टिकतात. पुढं गवतासारखं काही हवं असेल तर सॅजिटेरिया सुब्युलाटा, ती मुळात अमेरिकेच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पाण्यातच वाढते. क्रिप्टोकोरिन घ्यायचं तर सिलियाटा शोधा, खाडीच्या तोंडाशी वाढणारं झाड आहे, आपल्या देशात सुंदरबनात सापडतं. वेंडटी पण हळूहळू सवय केली तर जमतं, पण जागा बदललेली त्याला खपत नाही.

आणि एक झाड तुमच्या शेजारच्या नर्सरीत आहे, ब्राह्मी, म्हणजे बकोपा मोनिएरी. खारट दलदलीत जगणारं झाड, टाकीत उभं वाढतं, छान हिरवं. पण नर्सरीत ब्राह्मी मागितली की निम्म्या वेळा मंडूकपर्णी हातात देतात. गोल, कातरलेल्या कडेचं पान असेल तर ते नाही. आपल्याला पाहिजे ते बारीक, जाडसर, लांबट पानाचं, देठाला जोडीजोडीनं पान असलेलं. कुंडीतली माती पूर्ण धुवा, औषध मारलेलं असेल म्हणून आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, आणि हवेतली पानं पाण्यात गळणार हे धरून चाला, शेंड्याला नवीन येतात.

काबोंबा, रोटाला, लाल पानांची लुडविजिया यांच्या नादाला लागू नका.

खारफुटीचं रोप टाकीच्या वर उभं, मुळं पाण्यात, हे दृश्य फोटोत लई भारी दिसतं, मला मान्य आहे. पण मालवण-देवगडला गेल्यावर खाडीतनं उपटून आणायचं नाही, महाराष्ट्रात कांदळवनांना कायद्याचं संरक्षण आहे आणि वन खात्याचा त्यासाठी वेगळा कांदळवन कक्षही आहे. अधिकृत नर्सरीतनं मिळालं तरच. ते झाड उजेड खूप मागतं, वाढ एकदम सावकाश, आणि पानांवर अधूनमधून गोडं पाणी फवारायला लागतंय. बघायची हौस असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाची होडी फिरवून आणते, तिथं मुळांच्या गुंत्यात चिखल कसा साचतो, कुठलं झाड किती आत उभं आहे हे बघून टाकीची मांडणी जास्त चांगली सुचते, हे माझं पक्कं मत.

लाइट ६५०० केल्विनचा साधा एलईडी, टायमर लावून सहा-सात तास. सीओटूचा सिलिंडर नको, या झाडांना गरज नाही. खत म्हणून महिन्या-दोन महिन्यानं मुळांशी रूट टॅब आणि थोडं पोटॅशियम. लिक्विड खतात तांबं किती आहे ते लेबलवर बघा, गोगलगायी ठेवणार असाल तर तांबं त्यांना मारतं.

आता उतावळेपणा नको

टाकी गोड्या पाण्यानं भरा. झाडं लावा, फिल्टर चालू, मीठ शून्य. दोन-तीन आठवडे झाडांना मुळं धरू द्या. याच काळात फिल्टरमधले बॅक्टेरिया तयार होतात, जे घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी विषारी नायट्रेट करतात. त्यांना खाऊ म्हणून चिमूटभर फिशफूड रोज टाका किंवा अमोनियाचे थेंब. ओळखीच्या कुणाची जुनी चालू टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंज पिळून ते घाण पाणी मागून आणा, त्याच्याइतकी चांगली भेट नाही.

मग आठवड्याला एक पायरी. टाकीतलंच १५ लिटर पाणी बादलीत काढा, त्यात १८० ग्रॅम मीठ घाला, एअर स्टोन सोडून पूर्ण विरघळवा, आणि फिल्टरच्या धारेजवळ अर्ध्या तासात थोडं थोडं परत ओता. दुसऱ्या दिवशी एसजी मोजा. आठवडाभर झाडं बघा. परत १८० ग्रॅम. तिसऱ्या आठवड्याला १.००३ वर पोचता. घाई केली तर झाडं वितळतातच, शिवाय फिल्टरमधले बॅक्टेरियाही धक्का खातात आणि अमोनिया वर येतो. झाडं एखाद्या आठवड्यात रुसली तर ती पायरी पुढं ढकला.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसतंय, अशी टेस्ट सलग आठवडाभर आली की मासे. धरून सगळं दीड-दोन महिन्यांचं काम आहे.

मासे

१२० लिटरला तीन प्लॅन सांगतो, एकच निवडा, मिसळ करू नका.

पहिला, मोली सहा-आठ आणि नेराइट गोगलगायी. सगळ्यात सोपा, मोली शेवाळ खाते, पिल्लंही होतात, मॉसमध्ये लपून बरीच जगतात. नेराइटची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत आणि इतक्या कमी खारट पाण्यातही पिल्लांची पलटण होत नाही, काचेवर पांढरे ठिपके तेवढे दिसतात.

दुसरा, ऑरेंज क्रोमाइड पाच-सहा. आपल्याच देशातला, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला मासा, आठ सेंटिमीटरपर्यंत, पिवळा-केशरी. जोडी जमली की कोपरा बळकावतात, म्हणून मध्ये दगड आणि झाडांचे आडोसे करा. आई-बाप दोघं मिळून पिल्लं राखतात, ते बघायलाच ही टाकी ठेवावी. त्याचा मोठा भाऊ ग्रीन क्रोमाइड, केरळातला करीमीन, गोव्याकडं कालुंदर, तो मात्र नको, वीतभर होतो आणि झाडं खातो.

तिसरा, बंबलबी गोबी दहा-बारा, एकटेच. काळे-पिवळे पट्टे, दोन-तीन सेंटिमीटरचा जीव, दगडावर बसून तुमच्याकडं बघत राहतो. अडचण खाण्याची, कोरडे दाणे बहुतेक वेळा तोंडात घेत नाही. त्याला लागतात आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव) पिल्लं, फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या). मोलीबरोबर ठेवला तर मोली सगळं फस्त करते आणि हा उपाशी मरतो, म्हणून एकटेच म्हटलं.

फिगर एट पफर याच पाण्यात जमतो, पण तो गोगलगायी खातो, दुसऱ्यांचे पंख कुरतडतो, ठेवायचा तर त्याची टाकी त्याचीच. स्कॅट आणि मोनो दुकानात रुपयाच्या नाण्याएवढे असतात तेव्हा लई गोंडस वाटतात. स्कॅट फूटभर होतो, झाडं मुळासकट साफ करतो आणि मोठेपणी जास्त खारट पाणी मागतो. पुढं जा.

दुकानदार बहुतेक हे सगळे मासे गोड्याच पाण्यात ठेवतो, विचारून घ्या. तसं असेल तर पिशवीतलं पाणी बादलीत ओतून एअर ट्यूबला गाठ मारून तुमच्या टाकीचं पाणी थेंब थेंब सोडा, तास-दीड तास.

दर आठवड्याला

पाणी उडून कमी झालं तर भर घालायची ती गोड्या पाण्याची, कारण मीठ उडत नाही, टाकीतच राहतंय. पाणी बदलायचं तेव्हा मात्र नवीन पाणी त्याच एसजीचं करून घालायचं: २५ लिटर काढलं तर २५ लिटरला ११२ ग्रॅम मीठ, रात्री बादलीत विरघळवून सकाळी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की टाकी महिनाभरात कुठल्या कुठं जाते. काचेवर पातळीची एक रेघ मार्करनं मारून ठेवा, रोज नजर टाकली की कळतं. एप्रिल-मे मध्ये जास्त उडतं, वर काचेचं झाकण असेल तर बरं पडतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडं गारठा असतो, हीटर २५ अंशावर लावा. झाकणाच्या कडेला आणि वायरींवर पांढरी मिठाची पापडी जमते, ओल्या फडक्यानं पुसा, प्लगकडं चढू देऊ नका.

आणि पावसाळ्याआधीची तयारी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे होते, हे आपण विसरलेलो नाही. जूनमध्येच वीस-वीस लिटरचे दोन कॅन क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याचे भरून बाजूला ठेवा, मिठाचा डबा जवळ. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि सेल. लाइट गेली तर खाणं बंद करा, मोठे मासे दोन-तीन दिवस आरामात काढतात, अंगावर पिल्लं असतील तर गोष्ट वेगळी. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल तर लाइट आल्या आल्या तसाच चालू करू नका, आतलं पाणी ऑक्सिजन संपून सडकं झालेलं असतंय आणि ते सगळं टाकीत फेकतो. आधी आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मग बटण दाबा, आणि पुढचे दोन-तीन दिवस रोज अमोनिया तपासा.